बार्सिलोनाचे तीन सेकंद: मीटर मोजताना लपवलेल्या एका फरकाचे प्रकरण

1793 च्या डिसेंबरात पिएर मेशें हा फ्रेंच खगोलज्ञ बार्सिलोनात अडकून पडला होता. फ्रान्स आणि स्पेनचे युद्ध जुंपले होते, अपघातात उजवा हात अधू झाला होता, आणि मायदेशी परतायची परवानगी मिळत नव्हती. रिकामे बसवेना म्हणून त्याने फोंताना दे ओरो या मुक्कामाच्या हॉटेलातूनच रात्री ताऱ्यांची उंची मोजायला घेतली. काम जुनेच होते. आदल्या हिवाळ्यात शहराला लागून असलेल्या मोंजुईक टेकडीवरच्या किल्ल्यातून त्याने तारे मोजून तिथला अक्षांश ठरवला होता. आता फक्त ताळा करायचा होता. किल्ला आणि हॉटेल यांच्यातले अंतर त्रिकोण मांडून त्याने पक्के केले होते. ते हिशेबात धरले की दोन्ही अक्षांश जुळायला हवेत. जुळले नाहीत. कंसाच्या तीन सेकंदांहून (एका अंशाचे 3600 भाग केले की एक भाग म्हणजे असा सेकंद) थोडा अधिक फरक राहिला. जमिनीवर तो भरतो सुमारे शंभर मीटर.

हे प्रकरण त्या शंभर मीटरांचे. मेशेंने तो फरक कुणापुढे मांडला नाही. त्यानंतर तो पावणेअकरा वर्षे जगला, त्याच्या आकड्यांच्या आधारावर मीटरची लांबी ठरली, पॅरिसच्या वेधशाळेचे प्रमुखपद त्याच्याकडे आले, आणि गुपित शेवटपर्यंत त्याच्यापाशीच राहिले. विज्ञानाच्या इतिहासात खोट्या आकड्यांची प्रकरणे कमी नाहीत. इथे मात्र आकडे दडवणारा माणूस त्याच्या काळातल्या सर्वांत काटेकोर मोजणाऱ्यांपैकी एक होता, आणि त्याने ते दडवले तेही काटेकोरपणाच्या हट्टापायी.

कामगिरी

क्रांतीच्या आधीच्या फ्रान्समध्ये मुलूख बदलला की माप बदलत असे. आपल्याकडे एका बाजाराचा शेर दुसऱ्या बाजारात तेवढाच भरत नसे, तसाच प्रकार. जमीनदाराच्या पायलीत आणि शेतकऱ्याच्या पायलीत फरक म्हणजे भांडणाला कायमचे निमंत्रण. क्रांतीनंतर ठरले की राजाचे नको, कुठल्या एका शहराचेही नको, सगळ्या जगाला आपले वाटेल असे माप हवे. 26 मार्च 1791 रोजी राष्ट्रीय सभेने विज्ञान अकादमीची सूचना मान्य केली: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या रेखावृत्ताचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर.

एवढे रेखावृत्त कोण मोजणार? म्हणून त्याचा एक तुकडा नीट मोजायचा, दोन्ही टोकांचे अक्षांश ताऱ्यांवरून काढायचे, आणि उरलेले गणिताने भरायचे. तुकडा निवडला डंकर्क ते बार्सिलोना. दोन्ही गावे समुद्रकाठची, म्हणजे समुद्रसपाटी हाताशी. 45 अंशांचे अक्षवृत्त त्याच्या पोटात येते. लांबी हजार किलोमीटरांहून जास्त, अक्षांशाच्या हिशेबात साडेनऊ अंशांहून थोडी अधिक. उत्तरेचा भाग, डंकर्क ते रोदेझ, झां-बातिस्त दलांब्रकडे दिला; दक्षिणेचा, रोदेझ ते बार्सिलोना, मेशेंकडे. दक्षिणेचे अंतर कमी होते, पण मध्ये पिरेनीज पर्वत उभा होता आणि स्पेनमध्ये आधी कुणी असे मोजलेले नव्हते. 1792 च्या जूनमध्ये दोघे पॅरिसहून निघाले. वर्षभरात उरकेल असा अंदाज होता. सात वर्षे लागली.

मोजायची रीत त्रिकोणांची. डोंगरमाथे, चर्चचे मनोरे, किल्ल्यांचे बुरूज यांना नजरेच्या रेषांनी जोडत त्रिकोणांची साखळी पुढे न्यायची. जमिनीवर पट्ट्या टाकून एक बाजू मोजली की बाकीच्या बाजू कोनांवरून निघतात. 1798 मध्ये दलांब्रने अशा दोन पायारेषा प्लॅटिनमच्या पट्ट्यांनी मोजल्या, एक पॅरिसजवळ मेलँला आणि एक दक्षिणेत पेर्पिन्यांला. मेलँच्या रेषेवरून सगळी साखळी पार करत पेर्पिन्यांच्या रेषेची लांबी गणिताने काढली, तर प्रत्यक्ष मोजणीशी फरक एका फुटाहूनही कमी. रेषा होती साडेअकरा किलोमीटरांहून मोठी. या साखळीतली दक्षिणेची कड्यांवर कडी मेशेंने ओवलेली होती. त्याच्या हाताच्या कौशल्याबद्दल कुणी शंका घ्यावी असे काही नव्हते. पुढचे प्रकरण वाचताना ही गोष्ट विसरू नये.

दलांब्रच्या वाट्याला वेगळाच ताप आला. त्याच्या परवान्यांवर राजाची मोहोर, आणि निघून तीन महिने होतात न होतात तोच राजेशाही बरखास्त. मनोऱ्यावर दुर्बीण लावून दूरवर पाहणारा माणूस गावकऱ्यांना हेर वाटणार, यात नवल नाही. सप्टेंबर 1792 मध्ये सँ-दनीच्या चौकात जमावाने त्याची सगळी यंत्रे बाहेर काढायला लावली, आणि ती कशासाठी आहेत हे त्याला अंधार पडेपर्यंत समजावून सांगावे लागले. लांबून दिसावे म्हणून खुणेला पांढरे कापड बांधावे, तर पांढरा हा राजाचा रंग. मग त्याला लाल आणि निळ्या पट्ट्या जोडून कापड प्रजासत्ताकाचे करून घ्यावे लागले.

वर्तुळ

दोघांच्याही हातात एकच नवे यंत्र होते: बोर्दा या शास्त्रज्ञाने सुधारलेले आणि लनुआर या कारागिराने घडवलेले आवर्ती वर्तुळ. एका अंशांकित चकतीवर दोन दुर्बिणी. कोन एकदा मोजला की चकती शून्यावर परत आणायची नाही. दुसऱ्या दुर्बिणीच्या मदतीने आहे तिथून पुढे तोच कोन पुन्हा मोजायचा, मग पुन्हा. दहा वेळा, वीस वेळा. शेवटी चकतीवर साचलेला मोठा कोन एकदाच वाचायचा आणि वेळांच्या संख्येने भागायचे. चकतीवरच्या रेघा ओढताना कारागिराकडून राहिलेली चूक आणि वाचताना डोळ्याची होणारी चूक, दोन्ही या भागाकारात विरघळून जातात. कल्पना सुरेख आहे. तिने मेशेंसारख्या माणसाला एक वचन दिले: जितक्या जास्त वेळा मोजशील, तितका खरेपणाच्या जवळ जाशील.

अर्धे वचन खरे होते.

अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत मी काही वर्षे लंबकाचा प्रयोग करून घेतला आहे. दर वर्षी एखादा गट तरी असा निघे की ज्यांची सगळी वाचने एकमेकांना घट्ट चिकटलेली, आणि उत्तर मात्र 9.8 च्या जागी 9.4. पोरे हटून सांगत, "सर, दहा वेळा घेतलं, दहाही वेळा सारखंच." दोऱ्याची लांबी त्यांनी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या कडेपर्यंत मोजलेली असे. दहाच काय, शंभर वेळा मोजा. चूक प्रत्येक वेळी त्याच दिशेने, त्याच मापाने येते, आणि सरासरीत तिला कात्री लागत नाही. वाचने एकमेकांशी जुळणे निराळे आणि सत्याशी जुळणे निराळे. आज हे पहिल्या धड्यात शिकवतात. 1793 मध्ये या दोन गोष्टींना वेगळी नावेसुद्धा नव्हती.

मोंजुईकवरच्या पहिल्या हिवाळ्यात मेशेंने सहा तारे घेतले होते. त्यात ध्रुव होता, सप्तर्षीतला वसिष्ठ होता, पुनर्वसूतला पोलक्स होता. तारा रेखावृत्त ओलांडतो तेव्हा तो डोक्यावरच्या बिंदूपासून किती दूर आहे ते मोजायचे. ताऱ्याचे आकाशातले स्थान माहीत असते, त्यावरून आपला अक्षांश निघतो. वसिष्ठाने तेव्हाच कुरकुर केली होती. त्याच्यावरून येणारा अक्षांश इतरांपासून फटकून राहात होता. वसिष्ठ ध्रुवाखालून जाताना क्षितिजाच्या फार जवळ उतरतो, तिथे हवेच्या जाड थरातून येणारा प्रकाश जास्त वाकतो, तेव्हा दोष हवेचा असे ठरवून मेशें मोकळा झाला. कारण चुकीचे नव्हते. पण एक वाचन बंड करते तेव्हा त्यावर लगेच हवेची चिठ्ठी चिकटवायची नसते, हे आता आपण सोयीने मागे वळून म्हणू शकतो.

नंतरचे वर्ष वाईट गेले. मार्च 1793 मध्ये फ्रान्सने स्पेनशी युद्ध पुकारले. त्या वसंतातच एक ओळखीचा डॉक्टर त्याला शहराबाहेर पाणी उपसण्याचे नवे यंत्र दाखवायला घेऊन गेला. यंत्र बिथरले, मेशें मदतीला धावला आणि दांड्याचा फटका त्याच्या छातीवर बसला. बरगड्या मोडल्या, गळ्याजवळचे हाड मोडले, काही दिवस शुद्ध नव्हती. जगला, पण सीमेवरच्या डोंगरांची इतकी खडान्खडा माहिती असलेल्या फ्रेंच माणसाला स्पॅनिश सेनापती परत जाऊ देईना. मोंजुईक हा लष्करी किल्ला. तिथे आता शत्रूदेशाच्या माणसाला दुर्बीण घेऊन कोण चढू देणार?

डिसेंबरातला पेच

तर अशा अवस्थेत तो फरक त्याच्यासमोर आला. त्याच्यापुढे वाटा किती होत्या, हे पाहू.

किल्ल्यावर जाऊन पुन्हा मोजणे ही पहिली आणि खरी वाट. ती बंद होती.

दोन्ही आकडे पॅरिसला कळवून टाकणे ही दुसरी. शांततेच्या काळात आपण सहज म्हणू की हेच करायला हवे होते. पण कळवायचे कुणाला? ज्या विज्ञान अकादमीने त्याला पाठवले ती 8 ऑगस्ट 1793 रोजी बंद करण्यात आली होती. लावाझिए, जो या मोजणीच्या पैशाचा आणि योजनेचा आधार होता, नोव्हेंबरात तुरुंगात गेला होता. आणि डिसेंबरच्या 23 तारखेला, म्हणजे मेशें तारे मोजत होता त्याच महिन्यात, क्रांतीच्या समितीने बोर्दा, लावाझिए, लाप्लास आणि खुद्द दलांब्र यांना मापांच्या मंडळातून काढून टाकले. त्यांच्या प्रजासत्ताकनिष्ठेबद्दल खात्री नव्हती म्हणे. पुढच्या मे महिन्याच्या 8 तारखेला लावाझिएचा शिरच्छेद झाला. बार्सिलोनात बसलेल्या माणसाला यातले काय आणि कधी कळले असेल ते असो. पण शत्रूच्या शहरात राहणाऱ्या माणसाने "मी दिलेला आकडा चुकीचा असावा" असे पत्र त्या दिवसांत पाठवले नाही, याबद्दल मला त्याला दोष देववत नाही.

तिसरी वाट गप्प राहण्याची. मोंजुईकचा आकडा आधीच पॅरिसला गेला होता. तो तसाच राहू द्यायचा आणि हॉटेलातल्या रात्री झाल्याच नाहीत असे धरायचे.

मेशेंने ही तिसरी वाट धरली. माझ्या मते 1793 मध्ये ती समजण्यासारखी आहे. प्रकरण काळे पडते ते नंतर, भीतीचे कारण संपल्यावर.

1794 मध्ये तो स्पेनमधून सुटून समुद्रमार्गे इटलीत जेनोआला गेला. तिथे त्याने जवळजवळ वर्ष काढले. क्रांतीतल्या दहशतीचा सूत्रधार रोबेस्पिएर पडला होता, मोजणीला पुन्हा हिरवा कंदील मिळत होता, एप्रिल 1795 च्या कायद्याने मीटर, ग्रॅम, लिटर ही नावे पक्की झाली. तरी मेशेंचा पाय फ्रान्सकडे वळेना. परतला तेव्हाही पॅरिस टाळून दक्षिणेतच रेंगाळला. त्रिकोण पुढे सरकत ते मोठ्या मुश्किलीने. त्या वर्षांतल्या दलांब्रला लिहिलेल्या पत्रांत तो स्वतःला बोल लावत राहातो, आपण या कामाला लायक नाही म्हणतो, पण नेमके दुखते कुठे ते सांगत नाही. दलांब्रला वाटले, अपघात आणि नैराश्य. 1798 मध्ये अखेर मेशेंची पत्नी पॅरिसहून रोदेझपर्यंत आली, त्याला समजावून काम संपवायला लावण्यासाठी.

1799: मंडळापुढे

1798 च्या अखेरीपासून पॅरिसमध्ये एक आंतरराष्ट्रीय मंडळ बसले. हॉलंड, डेन्मार्क, स्वित्झर्लंड, इटलीतली राज्ये, स्पेन. मित्रदेशांचे आणि तटस्थ देशांचे शास्त्रज्ञ एकत्र बसून आकडे तपासणार. अशी सभा याआधी भरलेली नव्हती. दलांब्रने आपल्या वह्या पुढे ठेवल्या: बांधलेल्या, शाईने लिहिलेल्या, पाने क्रमाने, खाडाखोड असेल तर खाडाखोड दिसेल अशी. मेशेंने मूळ कागद दिले नाहीत. आधी वेळ मागून घेतला आणि मग नीट मांडलेला गोषवारा सादर केला. त्यात फोंताना दे ओरोचे नाव नव्हते.

गंमत अशी, की मंडळ खूष झाले ते मेशेंवर. त्याचे आकडे एकमेकांशी इतके छान जुळत होते! दलांब्रच्या वाचनांत दिसणारी माणसासारखी वरखाली त्यात जवळजवळ नव्हती. जर्नलात सगळीच रीडिंग सारखी आली की आपल्याकडचा परीक्षक भुवया उंचावतो. त्या मंडळात लाप्लास, लजांद्र यांच्यासारखे गणिती होते, पण वाचनांची पसरण हीसुद्धा एक माहिती असते, हे पाहायची सवय अजून कुणाला लागलेली नव्हती.

मंडळापुढे वेगळेच कोडे उभे राहिले. पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे? फ्रान्सच्या चापावरून, म्हणजे रेखावृत्ताच्या मोजलेल्या तुकड्यावरून, निघणारा चपटेपणा साधारण दीडशेत एक, तर शतकाच्या मध्यात पेरूत मोजलेला चाप जोडून पाहिला तर 334 त एक. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. चापाच्या तुकड्यांची वक्रतादेखील एकसारखी वाढत-घटत नव्हती. म्हणजे पृथ्वी हे गणितातले गुळगुळीत लंबगोल शरीर नाहीच, तिला जागोजाग फुगवटे आणि खोलगटी आहेत, अशी चाहूल लागली होती. मंडळाने 334 चा आकडा घेतला, जुन्या फ्रेंच मापात मीटर 443.296 लीन्य ठरवला, आणि 22 जून 1799 रोजी प्लॅटिनमची पट्टी दप्तरात जमा केली.

ही पट्टी ठरवलेल्या व्याख्येपेक्षा साधारण 0.2 मिलिमीटरने आखूड आहे. ध्रुव ते विषुववृत्त हे अंतर एक कोटी मीटर यायला हवे होते. ते भरते सुमारे 1,00,01,966 मीटर. याहून विनोदी बाब म्हणजे 1793 मध्ये जुन्या मोजणीवरून घाईने जो तात्पुरता मीटर काढला होता, 443.44 लीन्यचा, तो सात वर्षे रक्त आटवून काढलेल्या मीटरपेक्षा खऱ्या लांबीच्या जास्त जवळ होता.

यात मेशेंच्या तीन सेकंदांचा वाटा किती? गणित सोपे आहे. चाप 34,800 सेकंदांहून थोडा मोठा. पूर्ण सव्वातीन सेकंदांची चूक धरली तरी मीटर 0.1 मिलिमीटरपेक्षा कमीच सरकतो. मीटर चुकला तो मुख्यतः चपटेपणाच्या आकड्याने आणि पृथ्वीच्या ओबडधोबडपणाने. ज्या पापाखाली मेशें दहा वर्षे दबून गेला, त्याने काही बुडाले नव्हते. 1799 च्या मंडळाला त्याने दोन्ही आकडे दिले असते, तर त्यांनी बहुधा मधला आकडा घेऊन दुसऱ्या दिवशी पुढचे काम सुरू केले असते.

शेवटची मोहीम

मेशें वेधशाळेचा प्रमुख झाला, आणि त्याला स्वस्थता नव्हती. चाप बार्सिलोनाच्या पुढे समुद्रातल्या बालेआरिक बेटांपर्यंत वाढवावा असा त्याने धोशा लावला. शास्त्रीय कारण चांगलेच होते: चाप लांबतो, 45 अंशांच्या दोन्ही बाजूंना जास्त सारखा होतो. पण त्याचे गुपित माहीत असलेल्याला आणखी एक कारण दिसते. टोक बेटांवर गेले की बार्सिलोनाचा अक्षांश टोकाचा राहात नाही, मधला एक मुक्काम होतो. म्हणजे त्याची गरजच उरत नाही. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस 1803 मध्ये पुन्हा स्पेनला निघाला, आणि 20 सप्टेंबर 1804 रोजी कास्तेयोनला तापाने वारला. ते काम पुढे बियो आणि आरागो या दोन तरुणांनी पुरे केले.

त्याचे कागद दलांब्रकडे आले. मोजणीचा सगळा वृत्तांत छापायची जबाबदारी त्याच्यावर होती. तो तीन खंडांत 1806, 1807 आणि 1810 मध्ये निघाला. कागद सुटे होते, बरेचसे पेन्सिलने लिहिलेले, काही ठिकाणी आकडे खोडून वर दुसरे लिहिलेले. दलांब्रने आकडा न् आकडा लावून पाहिला. फोंताना दे ओरोच्या रात्री सापडल्या. आणखीही सापडले: मंडळाला दिलेल्या गोषवाऱ्यातली ती सुरेख एकवाक्यता काही जागी मेशेंने हाताने आणली होती. न पटणारी वाचने गाळली होती, काहींच्या कडा घासल्या होत्या.

आणि 1828 मध्ये निकोले नावाच्या खगोलज्ञाने मेशेंच्याच वाचनांतून उत्तर काढून दाखवले. डोक्यावरच्या बिंदूच्या उत्तरेकडून जाणारे तारे आणि दक्षिणेकडून जाणारे तारे वेगवेगळे मांडा. यंत्र ओळंब्यात किंचितही चुकत असेल तर उत्तरेच्या ताऱ्यांवरून अक्षांश एका बाजूला सरकेल आणि दक्षिणेच्या ताऱ्यांवरून नेमका उलट बाजूला. दोन्ही गटांचा आधी निरनिराळा हिशेब करून मग मध्य घेतला की दोष दोषाला खातो. तसे केल्यावर किल्ला आणि हॉटेल यांचे भांडण मिटले. मेशेंकडे दक्षिणेचा पोलक्स होता, उत्तरेचे तारेही होते. उत्तर त्याच्या कागदांत बसून होते. फरक लपवायच्या ऐवजी टेबलावर ठेवला असता तर पस्तीस वर्षे आधी कुणाच्या तरी नजरेला पडले असते. कदाचित लजांद्रच्याच, कारण 1805 मध्ये त्याने लघुतम वर्गांची, म्हणजे न जुळणाऱ्या वाचनांतून सर्वांत पटणारे उत्तर काढायची, रीत जाहीर केली तेव्हा उदाहरणाला याच रेखावृत्ताचा चाप घेतला होता.

असाच फरक, दुसऱ्या देशात

तुलनेसाठी एक प्रकरण आपल्या जवळचे आहे. विल्यम लँबटनने 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा टाकून भारताची त्रिकोणमापन मोजणी सुरू केली. रीत तीच, चापही मेशेंच्या चापाहून पुढे कितीतरी लांब गेला. लँबटन 1823 मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला; मोजणीचे काम नागपूरकडे सरकत होते. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने चाप हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला. तिथे कलियाना आणि मध्य भारतातले कलियानपूर यांच्यातल्या अक्षांशांचा हिशेब त्रिकोणांवरून एक येई आणि ताऱ्यांवरून दुसरा. फरक 5.236 सेकंद. मेशेंच्या फरकाचा थोरला भाऊच.

एव्हरेस्टने तो फरक मोजणीतल्या चुका समजून साखळीत वाटून टाकला. म्हणजे त्याचा खुलासा चुकलाच. पण त्याने आकडा छापला, पाचही सेकंद तळटिपेत न दडवता. 1850 च्या दशकात कलकत्त्याचा आर्चडीकन (चर्चचा वरिष्ठ अधिकारी) जॉन प्रॅट याने तो वाचला आणि विचारले, हा हिमालयाच्या ओढीने ओळंबा सरकल्याचा परिणाम तर नव्हे? त्याने पर्वताचे वस्तुमान मांडून गणित केले, तर फरक पाच नव्हे, पंधरा सेकंदांहून जास्त यायला हवा होता. पर्वत जेवढा ओढायला हवा तेवढा ओढत नाही. का? 1855 मध्ये एअरी या इंग्रज खगोलज्ञाने उत्तर सुचवले: डोंगरांना खाली मुळे असतात, हलक्या खडकाची, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखी. प्रॅटने स्वतःचे वेगळे उत्तर दिले. भूकवचाच्या समतोलाचा सगळा विचार या न जुळलेल्या पाच सेकंदांतून निघाला.

तीन सेकंद आणि पाच सेकंद यांत मोजणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा जेवढा भाग आहे, तेवढाच परिस्थितीचा. एव्हरेस्टच्या मागे साम्राज्य होते, नोकरी शाबूत होती, मान कापायला कुणी बसले नव्हते. हे मान्य करूनही 1799 चे मंडळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. समोर दहा देशांचे जाणकार बसले आहेत, स्पेनशी झालेले युद्ध मागे पडले आहे, आणि एक माणूस घसा खाकरून सांगू शकला असता की माझे दोन आकडे जुळत नाहीत, तुम्हीच पाहा. त्याने दुसरी भाकड शिस्त निवडली: आकडे सुंदर दिसले पाहिजेत.

त्या पट्टीचा धागा पुढे कधी तुटला नाही. आपल्याकडे 1956 चा कायदा होऊन शेर-तोळे, वार-मैल गेले आणि किलो-मीटर आले ते त्याच लांबीचे. आज मीटर म्हणजे प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागात जेवढा जातो तेवढे अंतर. आकडा इतका वेडावाकडा यासाठी, की 1799 ची लांबी बदलू नये. ती ज्या चुकीसह जमा झाली, त्या चुकीसह.

दलांब्रपुढे शेवटी प्रश्न उरला तो मित्राचा. बार्सिलोनातला तीन सेकंदांचा फरक त्याने छापील खंडांत वाचकांपुढे ठेवला. मोजणीसाठी तो आवश्यक होता. वाचने घासल्याचा सगळा तपशील मात्र त्याने छापला नाही. त्याने मेशेंचे सुटे कागद क्रमाने लावले, जिथे आकडा बदललेला होता तिथे कडेला आपल्या अक्षरात काय दिसते ते लिहिले, आणि ते पूर्ण दप्तर पॅरिसच्या वेधशाळेत ठेवून दिले. पेन्सिलचे आकडे आणि त्यांच्या शेजारची ती शाई तिथे अजून आहे.